काळ्या अळंबीचे रान

एका राज्यात एक रान होते. त्या रानात झाडांच्या मुळांशी, हातभर मातीखाली, काळी अळंबी पिकत असे. वर ना पान, ना फूल. पण पिकली की परिमळ असा, की वाटसरूने वाट विसरावी. झाड तिला पोसी, ती झाडाला पोसी.

राजा भद्रसेनाला तिची चटक लागली. पिकण्याचीही वाट न पाहता त्याने कुदळी लावल्या. मुळे तुटली, रान वठू लागले. तेव्हा रानाची योगिनी प्रकटली आणि म्हणाली, "राजा, तुझ्या जिभेला शोभेल ते रूप घे." तत्क्षणी राजाचे रानडुक्कर झाले.

राणी शशिप्रभा रडत बसली नाही. डुकराच्या गळ्यात दोर बांधून ती रानात गेली आणि तिने उःशाप मागितला. योगिनी दिसली नाही. वठल्या फांदीवरून धनेश पक्षी बोलला.

"त्याने तीन अळंब्या हुंगून काढाव्या, आणि न खाता तीन वठल्या झाडांच्या मुळाशी पुराव्या. पहिल्या वेळी दोराने आवर, दुसऱ्या वेळी शब्दाने, तिसऱ्या वेळी कशानेच नाही. एक जरी खाल्ली, तरी तो डुक्करच राहील आणि रानही जाईल."

पहिल्या वेळी दोर राणीच्या तळहातात रुतला, रक्त आले. तिने सोडला नाही. दुसऱ्या वेळी तिने दोर टाकला आणि एवढेच म्हटले, "महाराज, नको." डुक्कर थरथरले, पण मागे सरले. आजवर राजाने तिचा एक शब्द ऐकला नव्हता.

वठल्या रानात खायला काही उरले नव्हते. डुकराच्या बरगड्या दिसू लागल्या. तरी तिसऱ्या अळंबीचा ओढ्यापलीकडचा वास त्याने अलीकडून ओळखला, पाणी ओलांडले आणि नेमक्या जागी नाक टेकवले. राणी त्या नाकाकडे थक्क होऊन पाहत राहिली. मग तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि पाठ फिरवली.

माती उकरल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिने वळून पाहिले. डुक्कर अळंबी झाडाच्या मुळाशी लोटून नाकाड्याने माती ओढत होते. लाळ गळत होती, डोळेही गळत होते.

शेवटची माती पडली आणि तिथे राजा गुडघ्यांवर बसलेला होता. वठल्या खोडांना लाल पालवी फुटली.

राजाने विचारले, "तू हाक का नाही मारलीस?"

राणी म्हणाली, "मारली असती, तर आवरणारी मी ठरले असते. आवरायचे तुम्हाला होते."

तेव्हापासून त्या राज्यात पिकलेलीच अळंबी काढतात, आणि पहिला वाटा रानाला देतात. राजाला राज्य मिळाले, रानाला मुळे मिळाली; ऐकणाऱ्याला सुवास मिळो.