घरचा वाफा

अळ्या अजून माणसांशी बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. धोंडजीच्या मळ्यात वांग्यांचे दोन वाफे होते. बाजारच्या वाफ्यावर तो उठसूट विष फवारायचा आणि त्याला औषध म्हणायचा. घरच्या वाफ्यावर मात्र त्याचा थेंबही पडू द्यायचा नाही.

एक अळी बाजारच्या वाफ्यातून कशीबशी सरपटत घरच्या वाफ्यात आली. तिच्या बहिणी तिकडेच काळ्या पडल्या होत्या.

"मला मारतोस ते कळतं, मी तुझं पीक खाते," ती कडाडली. "पण ही वांगी विकत घेणाऱ्यांनी तुझं काय खाल्लंय रे?"

"त्यांना चकचकीत माल लागतो," धोंडजी म्हणाला. "आणि ते माझे कोण लागतात?"

दिवाळीला त्याची लेक इंदू शहरातून आली, आपली बोलकी पोर कडेवर घेऊन. धोंडजीने घरच्या वाफ्यातली वांगी तिच्या पिशवीत घातली.

"किडकी नकोत, आबा," इंदू म्हणाली. "तिकडे मंडईत आपल्या गावची वांगी येतात, नुसती चकाकतात. आपल्या मातीतली म्हणून हिला मी तीच भरवते."

धोंडजीचा हात पिशवीतच राहिला.

एका वांग्यातून अळीने डोकं बाहेर काढलं. "धोंडजी, ही पोर तुझी कोण लागते?"