शंभरचा आकडा

कासारवेढे नगरपालिकेने गावाला पाणी सोडायचं काम एआयवर सोपवायचं ठरवलं. एआयने कुठला व्हॉल्व्ह कसा चालवायचा, याची टिपणं पाणी खात्यातल्या घैसासबाईंनी लिहिली. एकेका व्हॉल्व्हला एकेक पान. मुख्य अभियंता रणनवरे साहेबांनी भर सभेत तो गठ्ठा उचलून हलवला.

"बाई, ही काय बालवाडी आहे? 'शून्य ते शंभरमधला आकडा द्या.' एवढी एक ओळ पुरे. एआयला अक्कल आहे. बाकीचं आजच काढून टाका."

उद्या सकाळी सातला त्या एका ओळीवर अख्ख्या गावाला पाणी सुटणार होतं.

"काढते, साहेब," बाई म्हणाल्या. "पण इथे तुमच्याइतकं हुशार कुणी नाही. त्या ओळीवरून आपल्या कचेरीचा व्हॉल्व्ह तुम्हीच पूर्ण उघडून दाखवा."

साहेबांनी व्हॉल्व्ह चालवायच्या यंत्रावर ऐटीत शंभर दाबलं. शिपायाने कोपऱ्यातला नळ सोडला. तो दोनदा फुसफुसला आणि कोरडा पडला.

"आपले व्हॉल्व्हमन चाक किती आवळलं ते मोजत आले, साहेब. यंत्रातही तोच हिशेब उतरलाय. शंभर म्हणजे पूर्ण बंद. पान तिसरं."

"पण एआयने आधी विचारलं असतं!"

"तुम्ही विचारलंत? अडाणी माणूस थांबून विचारतो. तुम्ही हुशार, म्हणून थेट दाबलंत. एआयही तुमच्यासारखाच हुशार आहे."

साहेबांनी गठ्ठा अलगद बाईंपुढे ठेवला. "एकही पान काढू नका."

मग नळाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "आता किती दाबू?"