पटरीला हवं होतं पॉलिश

वाद्यं गिऱ्हाइकांच्या माघारी एकमेकांशी भांडायची, त्या काळातली ही हकीकत. वाद्यांच्या एका दुकानात चार वर्षं एक गिटार न विकता टांगलेली होती. तिचं अंग आरशासारखं झळाळायचं. जिच्यावर बोटं फिरतात ती शिसवी पटरी मात्र काळी, साधीच होती.

मलमलीचं जुनं फडकं रोज अंग पुसायचं. पटरीच्या वाट्याला तारा बदलताना तेलाचे दोन थेंब यायचे, तेही लगेच पुसून घेतले जायचे.

"मामा, उद्या एक बाई गिटार बघायला येणार आहेत," पटरी फडक्याला म्हणाली. "या वेळी तरी घर मिळायला हवं. मलाही पॉलिश लावा."

"अगं, अंगावर लाखेचा थर आहे, म्हणून त्याला पॉलिश चालतं. तू उघडं लाकूड. तुझ्यावर ते चिकटून बसेल."

"तुम्ही पडलात पुसायचं फडकं. चकाकीतलं तुम्हाला काय कळणार?"

हे फडक्याला झोंबलं. सगळं माहीत असूनही, आपली करामत दाखवायला त्यानं पॉलिशची बाटली पटरीवर रिकामी केली आणि ती घासून लखलखीत केली.

बाई आल्या, गिटार पाहून खूश झाल्या, वाजवायला बसल्या. चौथ्या सुराला त्यांनी बोटं उचलून पाहिली. मग गिटार खुंटीला लावून त्यांनी शेजारची, जरा मळकट दिसणारी घेतली.

त्या गेल्यावर पटरीनं हळूच विचारलं, "मामा, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का हो?"

"नाही," फडकं म्हणालं. "बोटं पुसायला तेवढं मला मागून घेतलं."