वऱ्हाडाला दोन-दोन गोळ्या

गिऱ्हाईक घरातच सापडलं की भल्या भल्या विक्रेत्यांचा तोल जातो. संगमनेरच्या भास्करराव गुजरांचं तसंच झालं. भूक मारणाऱ्या गोळ्यांची एजन्सी त्यांची. होणाऱ्या सुनेच्या, सुलक्षणाच्या केळवणाला आले आणि भर पंगतीत तिच्या ताटाशेजारी त्यांनी डबी ठेवली.

"रोज दोन घे. भूकच लागत नाही. मुहूर्तापर्यंत बारीक झालीस तरच हे लग्न."

वाढता वाढता सुलक्षणाच्या आईचा हात थांबला. सुलक्षणाने मात्र मनाशी पक्कं केलं, आपल्या पोटाचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. तिने गोडीत विचारलं, "काका, अपाय काही नाही ना?"

"छे, निव्वळ वनस्पती."

"मग तुमच्या वऱ्हाडालाही आल्या आल्या दोन-दोन देऊ. जेवणाला नुसता दहीभात केला तरी भागेल."

"अगं, असं कसं?" भास्करराव गडबडले. "कुणाला रक्तदाब, कुणाला साखर. डॉक्टरांना विचारल्याशिवाय भलतंच काही देतात का?"

"मग माझ्यासाठी कोणत्या डॉक्टरांना विचारलंत?"

भास्कररावांनी डबी खिशात घातली, घसा खाकरला आणि म्हणाले, "विहीणबाई, थांबलात का? सूनबाईंना पोळी वाढा."