वही खरी की रेवती?

मुलींच्या शिक्षणासाठी चार गरीब देशांत तीस वर्षं खपलेल्या प्राध्यापक वत्सला केंकरे यांचा निवृत्तीचा सत्कार त्यांच्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत होता. आठवीच्या मुली सकाळपासून नऊवारी नेसून, तबकं धरून उभ्या होत्या. मंत्र्यांना यायला मात्र दुपारचा एक वाजला.

"बाई, तुमचे अहवाल आता जुने झाले," आजच्या हजेरीची वही उंचावत ते म्हणाले. "या घडीला इथली एकूण एक मुलगी वर्गात शिकतेय."

वत्सलाबाईंनी शेजारच्या तबकवालीला नाव विचारलं. ती हळूच म्हणाली, "रेवती ढोबळे."

"साहेब, रेवती ढोबळे हजर आहे का, बघा बरं."

मंत्र्यांनी पान उलटलं. "आहे की. वर्गात हजर."

"मग एक तर ही वही खोटी, नाहीतर ही पोर. कोण खोटं, ते तुम्हीच ठरवा."

मंत्र्यांनी मुख्याध्यापकांकडे नुसतं पाहिलं. मुख्याध्यापकांनी रेवतीच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि तिला कपबशा विसळायला पाठवलं.

चारही देशांत बाईंनी हाच निवाडा पाहिला होता. वही टेबलावरच राहिली, आणि तिच्यावर शाल-श्रीफळ ठेवून सत्कार पुढे सुरू झाला.