डबीतलं घड्याळ

“…पण दोन्हींत चांगलं कुठलं, तेवढं सांगा ना बाबा.”

दस्तगीरबाबांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. मिरजेत दर्ग्याच्या भिंतीला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं खोकं होतं. नवं घड्याळ घेण्याआधी लोक त्यांना विचारायला येत.

सुखदेव मात्र विचारायचं निमित्त करून शाबासकी घ्यायला आला होता. बाबांच्या शब्दावर दुकानदारानं दोन्ही घड्याळं आठ दिवस पारखायला दिली होती. दोन्ही बिनसेलची, किमतीत उन्नीस-बीस. एकाला रोज चावी द्यायची. दुसरं आपोआप चालतं, असं दुकानदार म्हणाला होता. चौथी नापास सुखदेवनं रोज रेडिओशी वेळ ताडून भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या.

निकाल लागला होता. चावीचं पास. आपोआपचं दुसऱ्या दिवशीच बंद.

“थांबणारं मला नको,” तो म्हणाला. “अण्णा म्हणायचा, ठोका न चुकणारं घेऊ.”

अण्णा म्हणजे थोरला भाऊ महिपत. तीन महिन्यांपूर्वी गेला. दोघं मिळून वरातीत हलगी वाजवायचे. घड्याळाचा बेतही दोघांचाच. तो गेल्यापासून सुखदेवनं हलगीला बोट लावलं नव्हतं. तीन वराती नाकारल्या. चौथी आज संध्याकाळी होती, तिलाही नाहीच म्हणायचं होतं.

“बंद पडलेलं ठेवलं होतंस कुठं?”

“डबीत. डबी ट्रंकेत. ओरखडा नको पडायला.”

“ट्रंकेत आणखी काय आहे?”

“हलगी.”

बाबा असे हसले, की भिंग निसटून मांडीवर पडलं.

“अरे येड्या, हे हातावर चालतं. हात हलला की त्याचं पोट भरतं.”

त्यांनी घड्याळ सुखदेवच्या उजव्या मनगटावर बांधलं. बिस्किटाच्या डब्यातले स्क्रू रुमालावर ओतले, डबा पालथा घातला, त्याच्यापुढं सरकवला.

सुखदेवनं हात मागं घेतला.

“राहू द्या बाबा,” शेजारचा गुलाबवाला हार ओवता ओवता म्हणाला. “वाजवणारा तो थोरला होता.”

झोंबलं. थाड्‌कन बोटं पडली.

एक ठोका. मग दुसरा. मग हात सुटलाच. पायऱ्यांवरची माणसं वळली, एक म्हातारी चप्पल शोधता शोधता मान डोलवू लागली. अण्णाच्या ठोक्याची जागा आली, तशी सुखदेवनं ती मोकळी सोडली… जुनी सवय.

गुलाबवाल्यानं फुलांच्या पाटीवर थाप मारून ती भरली. तीही उशिरा.

सुखदेव खदखदून हसला. हसता हसता बाहीनं डोळे पुसले आणि गुलाबवाल्याला ठोका शिकवायला पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

थांबला तेव्हा मनगट घामानं चमकत होतं. त्यावर काटा पळत होता.

तो घाईनं उठला. वरात संध्याकाळीच होती, हलगीचं चामडं अजून तापवायचं होतं आणि त्याआधी दोन्हींतलं एक घड्याळ परत करायचं होतं. चार पावलं गेला, तसा परत फिरला.

“म्हणजे हेच घेऊ का, बाबा? की चावीचं?”

बाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

“कुठलंही घे. डबी दुकानातच ठेवून ये.”