दुतोंडी माणिक

एका राज्यात भर दरबारात राणी हेमकळा आणि राजगुरू वेदगर्भ यांची जुंपली होती. सकाळी जुंपली ती दुपार कलली तरी सुटेना. राजा एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. मध्ये बोलायची सोय नव्हती. दोघांच्या मध्ये चौरंगावर दोन लाल खडे, आणि पलीकडे मंचकावर राजकन्या बकुळमाला, गळ्यापर्यंत दगड झालेली.

एका जादूगाराच्या दाढीला ती हसली, एवढाच तिचा अपराध. त्याने शाप दिला, दोन खडे फेकले नि म्हणाला, "यांतले एक माणिक, दुसरी लालडी. माणिक कपाळी लावाल तर पोर उठेल, लालडी लावाल तर कायमची शिळा होईल. खड्याला खडा घासाल तर दोन्ही राख. सूर्य मावळायच्या आत ओळखा. पण ओळखताना तुमचीच जीभ तुम्हाला आडवी येईल." आणि धूर होऊन गवाक्षातून निघून गेला.

लालडी म्हणजे माणकाची तोतया बहीण. रंग तसाच, झळाळी तशीच, भलेभले फसतात.

राणीने तीन कसोट्या लावल्या. आधी दोन्ही खडे गारगोटीवर ओढले. दोघांनीही गारगोटीला चरा पाडला, स्वतःला मात्र ओरखडा लागू दिला नाही. निकाल लागेना. मग तराजूत घातले, तर पारडी समसमान. पण राणीने ती तशीच घंगाळातल्या पाण्यात बुडवली, तेव्हा डावे पारडे खाली गेले. डावा खडा दिसायला चिमूटभर लहान, पण अंगाने भरीव. शेवटी तिने दोन्ही उन्हात धरून फिरवले. उजवा कुठूनही पाहा, एकच लाल. डावा मात्र एका अंगाने जांभळट लाल आणि दुसऱ्या अंगाने शेंदरी.

वेदगर्भ पहिल्यापासून उजव्याच्या बाजूचे. डावे पारडे खाली गेले तेव्हा ते म्हणाले होते की जे जड ते पापाने जड. आता तर त्यांना बळच आले.

"महाराणी, एका अंगाने एक, दुसऱ्या अंगाने एक. हा खडा दुतोंडी आहे. राजकन्येच्या कपाळी दुतोंडी खडा लावणार?"

सगळा दरबार माना डोलवू लागला. त्या राज्यात याहून मोठी शिवी नव्हती. घटकाभर राणीलाही ते पटले. तिने स्वतःच्या नणंदेला जन्मभर हेच म्हटले होते. तिचा हात उजव्या खड्याकडे गेलासुद्धा. तिकडे दगड हनुवटीला टेकला आणि पोरीचा श्वास घुसमटू लागला.

तेवढ्यात गवाक्षात बसलेली, ऐकलेले तसेच बोलून दाखवणारी पाळीव साळुंकी जादूगाराच्या आवाजात म्हणाली, "तुमचीच जीभ आडवी येईल."

राणीने हात मागे घेतला.

"गुरुदेव, अंगाचा भरीवपणा आणि उन्हात दोन छटा, हे अस्सल माणकाचेच गुण. खड्याने दोनदा आपला गुण दाखवला. दोन्ही वेळा आपण त्याला शिवी घातली. खोट आपल्या जिभेत आहे."

कुणी अडवायच्या आत तिने डावा खडा उचलला आणि लेकीच्या कपाळी टेकवला. वेदगर्भांनी डोळे मिटून घेतले. उन्हात मेण वितळावे तसा दगड उतरला. आधी हनुवटी, मग खांदे, मग मेंदीची बोटे. शाप फिटला. शाप पडल्यापासून पाणी सोडलेल्या तबेल्यातल्या घोड्यांनी पाण्याला तोंड लावले, तेव्हाच विझलेल्या चुली आपोआप पेटल्या, आणि राजाने मुकुट काढून घाम पुसला.

वेदगर्भांचाही जीव भांड्यात पडला, पण हेका सुटेना. काम झाले हे खरे, तरी दुतोंडी तो दुतोंडीच, समुद्रात टाका, असे ते म्हणत राहिले.

इकडे बकुळमाला उठून बसली ती फुरंगटूनच. केसांत दगडाची भुकटी, आणि भोवती सारा दरबार टकमक बघतो आहे. गाल फुगवून तिने भिंतीकडे तोंड फिरवले. मग साळुंकी उडाली, वेदगर्भांच्या पागोट्यावर बसली आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "जे जड ते पापाने जड." पोरगी अशी खदखदून हसली की झुंबरे किणकिणली.

वेदगर्भ पुन्हा खड्याकडे बोट दाखवू लागले. राणीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "गुरुदेव, माझी लेक आत्ता रुसली तेव्हा एक दिसली आणि हसली तेव्हा एक, म्हणून मला काय दोन लेकी झाल्या?"